माहीमची नोव्हेना, मेणाचे घर आणि मध्ये पडणारे संत

माहीमच्या सेंट मायकल चर्चमधील बुधवारची नोव्हेना (नऊ वेळा करायची ठरावीक प्रार्थना), त्या परिसरात आणि वांद्र्याच्या मोत माउलीच्या टेकडीवर मिळणाऱ्या मेणाच्या वस्तू, प्रार्थनेच्या पुस्तिका व संतांची चित्रे, आणि या सगळ्याच्या जोडीला ठेवता येईल असे प्रोटेस्टंट मंडळींकडे जे काही मिळते ते, यांचे हे परीक्षण आहे. भक्तिसाहित्य तपासताना मेण किती शुद्ध, छपाई किती स्वच्छ आणि भाव किती, एवढे पाहून भागत नाही. या वस्तू ज्या कामासाठी घेतल्या जातात ते काम म्हणजे स्वर्गात असलेल्या कोणाला तरी ‘आमच्यासाठी देवाजवळ शब्द टाक’ असे सांगणे. आणि तसे सांगता येते का, सांगावे का, हा सोळाव्या शतकात कॅथलिक आणि प्रोटेस्टंट यांना एकमेकांपासून तोडणाऱ्या वादांपैकी एक आहे. म्हणून वस्तूबरोबर तिच्यामागचा विचारही तपासावा लागतो.

मी स्वतः प्रोटेस्टंट आहे. १८१३ साली गॉर्डन हॉल आणि सॅम्युएल नॉट हे अमेरिकन मिशनरी मुंबईत उतरले आणि त्यांच्यापासून मराठी मिशनचे जे काम पुढे नगरपर्यंत पसरले, त्या परंपरेतले आमचे घराणे. आमच्या भिंतीवर वचनाची पाटी असे, संताचे चित्र कधी लागले नाही. माझ्या थोरल्या भावाची पत्नी मात्र वांद्र्याची ईस्ट इंडियन, म्हणजे मुंबईच्या मूळच्या ख्रिस्ती समाजातली, कॅथलिक आहे, आणि बुधवार चुकला तर तिला आठवडा चुकल्यासारखा वाटतो. या मालाची दोन्ही बाजूंनी पारख करण्याची सोय मला अशी घरातच झालेली आहे.

माझी कसोटी एकच आहे: वस्तू हातात पडल्यावर ती घेणाऱ्याला विनंती करायला शिकवते की वशिला लावायला? विनंतीमध्ये देव ऐकायला तयार आहेच आणि आपल्याबरोबर आणखी कोणीतरी तीच मागणी त्याच्यापुढे मांडत आहे, एवढेच गृहीत असते. वशिल्यामध्ये देव हा बंद केबिनमध्ये बसलेला साहेब असतो आणि आतल्या माणसाला खूश केल्याशिवाय फाईल हलत नाही, अशी समजूत असते. कॅथलिक धर्मशिक्षण पहिल्या बाजूला ठाम उभे आहे, प्रोटेस्टंट टीकेचा रोख दुसऱ्या बाजूवर आहे, आणि फाटकाबाहेरचा बाजार या दोहोंच्या बरोबर मध्ये मांडलेला आहे.

आधी नोव्हेनाविषयी. माहीमला नित्य साहाय्य करणाऱ्या मातेची, म्हणजे मरियेची, ही नोव्हेना १९४८ पासून दर बुधवारी चालते. दिवसभर एकामागून एक, इंग्रजी, कोंकणी, मराठी, हिंदी अशा वेगवेगळ्या भाषांत ती होते आणि लागोपाठ नऊ बुधवार करण्याचा परिपाठ आहे. नऊ या आकड्याचे मूळ बायबलमधल्या प्रेषितांच्या कृत्यांत सापडते. प्रभूचे स्वर्गारोहण आणि पवित्र आत्म्याचे अवतरण यांच्यामधल्या नऊ दिवसांत शिष्य एकचित्ताने प्रार्थना करत बसले होते आणि येशूची आई मरिया त्यांच्याबरोबर होती, असे पहिल्या अध्यायात स्पष्ट लिहिले आहे. हे वचन आम्हा प्रोटेस्टंटांनाही मान्य आहे. मरिया प्रार्थना करत असे, याबद्दल कोणाचा वाद नाही. ती आताही करते का आणि केली तरी आपण तिला हाक मारावी का, इथून वाद सुरू होतो.

सेवा म्हणून पाहिल्यास नोव्हेनाची रचना मला अतिशय चांगली वाटली. ती आटोपशीर असते, गीते सगळ्यांना पाठ असतात, आणि ज्याला धर्मशास्त्राचा गंधही नाही असा माणूससुद्धा तिसऱ्या ओळीपासून सूर धरतो. गर्दीत हिंदू असतात, पारशी असतात, मुसलमानही दिसतात, आणि कोणी कोणाला ‘तुम्ही इथे कसे’ असे विचारत नाही. भाविकांनी लिहिलेली विनंतीची आणि आभाराची पत्रे वाचली जातात, तो भाग मला सर्वांत मोलाचा वाटतो, कारण परक्या माणसाच्या आजारासाठी, परीक्षेसाठी, सुटलेल्या नोकरीसाठी शेकडो लोकांनी एकदम मान खाली घालणे ही मध्यस्थीच आहे, आणि ती जिवंत माणसांनी जिवंत माणसांसाठी केलेली असल्यामुळे माझ्यासारख्यालाही तिथे मनापासून ‘आमेन’ म्हणता येते. आभाराच्या पत्रांत मात्र कधी कधी वाक्य घसरते: ‘आईने मला हे मिळवून दिले’ ऐवजी ‘आईने मला हे दिले’ असे लिहिलेले असते. एका क्रियापदाचा हा फरक धर्मगुरूंच्या प्रवचनात नसतो; तो लोकांच्या वहीच्या पानावर असतो.

वस्तूंमध्ये पहिला क्रमांक मी नोव्हेनाच्या पुस्तिकेला देतो. कागद साधा, बांधणी पिनांची, खिशात मावेल असा आकार, आणि किंमत इतकी कमी की घासाघीस करावीशी वाटत नाही. पण तिची भाषा काटेकोर आहे. संतांची नावे घेऊन केलेल्या लितानीमध्ये पित्याला, पुत्राला आणि पवित्र आत्म्याला ‘आमच्यावर दया कर’ असे म्हटले जाते, तर मरियेला आणि संतांना ‘आमच्यासाठी विनंती कर’ एवढेच. दया करण्याचा अधिकार एकाचाच आणि बाकीचे सगळे आपल्याच रांगेत, फक्त पुढे उभे, ही कॅथलिक शिकवण या दोन प्रतिसादांत जशी बसली आहे तशी ती मोठ्या ग्रंथांतही क्वचितच बसते. १५६३ च्या डिसेंबरात ट्रेंटच्या कॅथलिक धर्मपरिषदेने शेवटच्या अधिवेशनात जे ठरवले त्याचा आशय हाच आहे: संतांना नम्रपणे विनवणे चांगले व उपयोगी आहे, परंतु जे मिळायचे ते देवाकडून, त्याचा पुत्र आणि आपला एकमेव तारणारा येशू ख्रिस्त याच्याद्वारेच मिळते. परिषदेने या प्रथेला ‘चांगली व उपयोगी’ म्हटले, याकडे माझे प्रोटेस्टंट वाचक सहसा लक्ष देत नाहीत. संताला हाक मारल्याशिवाय तारण नाही, असे तिने कुठेही म्हटलेले नाही.

दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने २१ नोव्हेंबर १९६४ रोजी संमत केलेल्या चर्चविषयक दस्तऐवजात मरियेला ‘मध्यस्थ’ ही पदवी वापरली, पण लगेच पुस्ती जोडली की हिच्यामुळे एकमेव मध्यस्थ ख्रिस्ताच्या प्रतिष्ठेतून काही वजा होत नाही आणि तीत काही भरही पडत नाही. अलीकडे, ४ नोव्हेंबर २०२५ रोजी, व्हॅटिकनच्या धर्मसिद्धान्त विभागाने मरियेला ‘सहतारक’ म्हणणे योग्य नाही असे जाहीर केले आणि ‘सर्व कृपांची मध्यस्थ’ या पदवीबाबतही सावधगिरीचा इशारा दिला. वहिनींना मी हे सांगितले तेव्हा त्या म्हणाल्या, “भावजी, आम्ही कधी तारक म्हटलं होतं? आम्ही आई म्हणतो.” रोमला जे लिहायला अनेक पाने लागली ते त्यांनी स्वयंपाकघरात एका वाक्यात आटोपले, आणि मला त्यावर उत्तर सुचले नाही.

पुस्तिकेखालोखाल मागणी असते ती चित्राला. नित्य साहाय्य करणाऱ्या मातेचे मूळ चित्र रोममध्ये आहे. पोप नवव्या पायसने १८६६ साली ते रिडेम्प्टरिस्ट धर्मसंघाच्या हवाली केले आणि पुढे त्याच्या प्रती जगभर गेल्या. बायझंटाइन वळणाचे, सोनेरी पार्श्वभूमीचे हे चित्र आहे. बाळ येशू आईच्या कडेवर आहे, पण त्याची मान मागे वळलेली आहे, कारण वर दोन्ही बाजूंना दोन देवदूत दिसतात. एकाच्या हातात भाला आणि स्पंजाची काठी, दुसऱ्याच्या हातात क्रूस आणि खिळे. बाळाने दोन्ही हातांनी आईचा हात घट्ट धरला आहे आणि धावत आल्यासारखी त्याच्या एका पायातली चप्पल निसटून वादीवर लोंबते आहे. भाला घेतलेला देवदूत म्हणजे मिखाएल, ज्याच्या नावाने माहीमचे चर्च उभे आहे. हा योगायोग तिथे येणाऱ्या किती जणांच्या लक्षात येतो, कोण जाणे. आईचा तोच हात बाळाकडे निर्देश करतो आणि डोळे मात्र आपल्याकडे लागलेले आहेत. ‘माझ्याकडे काय बघता, याच्याकडे बघा’ असे ते चित्र म्हणते, असा कॅथलिक अर्थ लावतात. आणि प्रोटेस्टंट माणसाला नेमकी अडचण वाटते ती त्या आपल्याकडे लागलेल्या डोळ्यांचीच.

एका दुकानातून मी या चित्राची लॅमिनेट केलेली, पाकिटात राहील अशी प्रत घेतली. रंग चांगले उतरले होते, कडा गोल कापलेल्या होत्या, मागे प्रार्थनाही छापलेली होती. परंतु चौकटीत बसवण्यासाठी वरचा भाग कापून टाकल्यामुळे दोन्ही देवदूत गेले होते. देवदूत गेले म्हणजे क्रूस गेला, आणि क्रूस गेला म्हणजे ते बाळ कशाला घाबरले आहे, हेच कळेनासे होते. उरते ती नुसती गोंडस बाळाला जवळ घेतलेली मुकुटधारी स्त्री. या चित्रातली मध्यस्थी ज्या दुःखसहनाच्या जोरावर उभी आहे तेच कात्रीखाली गेल्यावर चित्र घेणाऱ्याने आईवरच थांबायचे नाही तर काय करायचे? कॅथलिक शिकवणीचे इतके नुकसान कुठल्याही प्रोटेस्टंट प्रवचनाने केले नसेल. दुकानदाराला दाखवले, तर त्याने सगळ्या प्रती तशाच आल्याचे शांतपणे सांगितले. ज्यांना हे चित्र घ्यायचे आहे त्यांनी चारही कोपरे आणि ती लोंबती चप्पल पाहूनच घ्यावे.

आता मेण. वांद्र्याच्या टेकडीवर ८ सप्टेंबरला मरियेच्या जन्माचा सण असतो आणि त्यानंतरच्या रविवारपासून आठवडाभर जत्रा भरते. पण मेणाचे अवयव तिथे बारा महिने मिळतात. हात, पाय, डोळे, हृदय, पाळण्यातले बाळ, घर, विमान, असे साच्यातले आकार टोपल्यांत रचून ठेवलेले असतात. हातांची रास पाहिली की तिथल्या मूर्तीची जुनी कथा आठवल्यावाचून राहत नाही: १७०० च्या सुमारास आलेल्या अरब चाच्यांनी मूर्तीचा उजवा हात सोन्याच्या लोभाने तोडला, असे सांगितले जाते. जिचा स्वतःचा हात तुटला तिच्यापुढे लोक आपल्या दुखऱ्या हाताचा मेणाचा नमुना ठेवतात, आणि यात कोणाला विसंगती वाटत नाही.

वहिनींना घर हवे होते. त्यांच्या माहेरची इमारत पुनर्विकासाला गेली आहे आणि ताबा काही मिळत नाही. विक्रेत्या बाईने टोपलीतून घर काढले. फिकट पिवळे, तळहातावर मावणारे, उतरत्या छपराचे, वर धुराडे आणि पुढे कुंपणाचा आभास; छपराच्या मध्यातून वात बाहेर आलेली आणि साच्याचा जोड एका भिंतीवरून सरळ खाली गेलेला. मुंबईत चौदाव्या मजल्यावरच्या दोन खोल्या मागणाऱ्या बाईसाठी हे घर, म्हणजे मागणी मूळ अर्जाशी जुळत नव्हती. पण साचे बदलायचा खर्च कोण करणार.

“हातात धरून आईकडे मागा, मग लावा,” बाई म्हणाल्या. “पुरं झालं की मोठी मेणबत्ती बोलायची. विसरायचं नाय.”

“मावशी, मागायचं तिच्या लेकाकडं. तिला नुसतं सांगायचं,” वहिनी म्हणाल्या.

“तेच ते,” बाई म्हणाल्या आणि सुटे पैसे मोजू लागल्या.

‘तेच ते’ हे मात्र खरे नाही, आणि माझा या वस्तूवरचा आक्षेप नेमका तिथेच आहे. मेण बरे होते, वात सरळ जळत होती, आणि दुखणे शब्दांत सांगता न येणाऱ्या माणसाला ते हातात घेऊन उभे राहता येते, हा मेणाचा गुण मी मान्य करतो. पण काम झाले तर मोठी मेणबत्ती, हा करार वस्तूबरोबरच विकला जातो, आणि विनंतीचा वशिला तिथे होतो. ट्रेंटच्या त्याच ठरावात संतांना विनवण्याच्या प्रथेतून प्रत्येक अंधश्रद्धा दूर करावी आणि त्यातून होणारी हीन कमाई बंद करावी, असे बजावलेले आहे, म्हणजे या बाजारावर पहिली टीका रोमच्याच बाजूने झाली होती. विक्रेतीला मी दोष देणार नाही. तिचे पोट त्या टोपलीवर आहे आणि ती ईश्वरविज्ञान शिकवायला बसलेली नाही. गिऱ्हाईक मात्र दोषमुक्त नाही.

प्रोटेस्टंट बाजूचा मूळ आधार बायबलमध्ये प्रेषित पौलाने तीमथ्याला लिहिलेल्या पहिल्या पत्रातला आहे: देव एक आहे, आणि देव व मानव यांच्यामध्ये मध्यस्थही एकच, तो म्हणजे ख्रिस्त येशू. माझ्या लहानपणी रविवारच्या शाळेत हे वचन पाठ नसेल तर बक्षीस मिळत नसे. वहिनींकडे यावर तयार उत्तर असते, आणि ते बिनतोड आहे: त्याच अध्यायाच्या पहिल्या वचनात पौलाने सर्व माणसांसाठी विनवण्या आणि मध्यस्थी करा, अशी आज्ञा केली आहे, तेव्हा एकमेव मध्यस्थ म्हणजे दुसऱ्या कोणी कोणासाठी मागूच नये, असा अर्थ होत नाही. याकोबाच्या पत्रातही नीतिमान माणसाच्या प्रार्थनेत मोठे बळ असल्याचे म्हटले आहे. आम्ही दर रविवारी आजाऱ्यांची नावे वाचून मंडळीला प्रार्थना करायला सांगतोच. म्हणजे दुसऱ्याने माझ्यासाठी मागावे की नाही, हा वादच नाही. मेलेल्याला तसे सांगता येते का, हा आहे.

इथे दोन्हीकडचे सामान्य लोक समजतात त्यापेक्षा अंतर कमी आहे. १५३० च्या ऑग्सबर्ग विश्वासांगीकाराच्या, म्हणजे आपल्या श्रद्धेच्या अधिकृत निवेदनाच्या, २१ व्या कलमात ल्यूथरपंथीयांनी (प्रोटेस्टंट चळवळ सुरू करणाऱ्या मार्टिन ल्यूथरच्या अनुयायांनी) संतांची आठवण ठेवावी, त्यांच्या विश्वासाचा कित्ता गिरवावा, असे सांगितले आणि त्यांना हाक मारण्याला पवित्र शास्त्रात आधार नाही, एवढे बजावले. त्यावर कॅथलिकांनी खंडन लिहिल्यावर ल्यूथरचा सहकारी मेलांक्थॉन याने १५३१ मध्ये जे समर्थन लिहिले, त्यात स्वर्गातले संत सर्वसाधारणपणे चर्चसाठी प्रार्थना करतात, ही गोष्ट त्याने चक्क कबूल केलेली आहे; ते प्रार्थना करतात म्हणून आपण त्यांना बोलवावे असे मात्र सिद्ध होत नाही, हा त्याचा मुद्दा. आमच्या मंडळीत हे वाक्य वाचून दाखवले तर निम्मे लोक ते पोपचेच समजतील. अँग्लिकन परंपरेची भाषा अधिक तिखट आहे. तिच्या श्रद्धेच्या ३९ कलमांपैकी २२ व्या कलमात संतांना विनवण्याची प्रथा ही पोकळ, मनाने रचलेली आणि शास्त्राचा आधार नसलेली गोष्ट ठरवली आहे. १९७० साली उत्तर भारतीय चर्च स्थापन होताना अँग्लिकन, प्रेस्बिटेरियन, काँग्रिगेशनल असे वेगवेगळे पंथ एकत्र आले, तेव्हा पूजाविधींचा मेळ घालताना बरीच चर्चा झाली असणार. पण या प्रश्नावर त्यांना भांडण्याचे काहीच कारण नव्हते.

सोळाव्या शतकातला प्रोटेस्टंट धर्मसुधारक कॅल्विन याने खवचटपणे विचारले होते की या संतांचे कान इतके लांब आहेत हे तुम्हांला सांगितले कोणी? माहीमच्या बुधवारच्या गर्दीत उभे राहिले की हा प्रश्न थट्टेचा राहत नाही. एकाच क्षणी हजारो माणसे वेगवेगळ्या भाषांत, काही ओठ न हलवता, आपापले गाऱ्हाणे सांगत आहेत. सर्वज्ञ नसलेल्या एका मानवी आत्म्याने हे सगळे ऐकायचे कसे? मध्ययुगीन कॅथलिक धर्मतत्त्वज्ञ थॉमस अक्विनास याच्या परंपरेतले उत्तर असे की संत स्वतःच्या कानांनी ऐकत नाहीत. त्यांना देवाचे साक्षात दर्शन आहे आणि त्यांच्याकडे केलेल्या विनवण्या त्यांना त्या दर्शनात देवाकडूनच कळतात. बायबलमधल्या प्रकटीकरणाच्या पाचव्या अध्यायात चोवीस वडिलांच्या हाती धूपाने भरलेल्या सोन्याच्या वाट्या आहेत आणि तो धूप म्हणजे पवित्र जनांच्या प्रार्थना, हा दाखलाही कॅथलिक देतात. उत्तर सुसंगत आहे. मला त्यात एवढेच खटकते की माझी विनंती आधी देवाला कळणार, त्याच्याकडून संताला कळणार आणि संत ती पुन्हा देवाला सांगणार असेल, तर मी पहिल्याच टप्प्यावर का थांबू नये? वहिनी म्हणतात की एकटे थांबण्यात आणि आईबरोबर थांबण्यात फरक असतो. हा युक्तिवाद नाही, पण तो खोटाही नाही. बायबलमधल्या अनुवाद नावाच्या पुस्तकाच्या अठराव्या अध्यायात मृतांना प्रश्न विचारण्यास मनाई आहे, तिकडे मी बोट दाखवतो. त्या ‘देव मेलेल्यांचा नव्हे, जिवंतांचा आहे’ हे प्रभूचे वचन पुढे करतात. आणि इतक्यात जेवणाची वेळ होते.

एक गोष्ट आमच्या लोकांनी विसरू नये. २ जुलै १५०५ रोजी जर्मनीतल्या श्टोटर्नहाइमजवळ वादळात सापडलेल्या तरुण ल्यूथरच्या तोंडून निघाले ते मरियेची आई संत अन्ना हिचे नाव: वाचव, मी संन्यासी होईन. पंधरा दिवसांत तो मठात दाखल झाला. पुढचा सगळा इतिहास एका संताला बोललेल्या नवसाच्या फेडीतून सुरू होतो.

प्रोटेस्टंट बाजूचा माल तपासायचा म्हटले तर दुकान सापडत नाही, कारण आमच्याकडे शब्दाखेरीज विकायला काही नसावे, असा आमचा अभिमान आहे. मराठी मंडळ्यांमधली रविवारची मध्यस्थीची प्रार्थना ही आमची सर्वांत जवळची सेवा. पाळक नावे वाचतात, रुग्णालय सांगतात, कोणाची शस्त्रक्रिया कधी आहे तेही सांगतात, आणि मंडळी उभी राहते. यात कोणताही पडदा नाही, कोणाला खूश करायचे नाही. दोष असलाच तर एवढाच की यादी लांबत जाते, नावे घाईने उरकली जातात आणि मागच्या बाकावरच्याला कोणासाठी आपण ‘आमेन’ म्हटले हे कळत नाही. ज्याचे नाव यादीत द्यायला कोणी नाही त्याची सोय इथे नाही, आणि ती माहीमला आहे: तिथे अनोळखी माणूस चिठ्ठी लिहून टाकू शकतो.

पण याच बाजूला उपनगरांतल्या भाड्याच्या सभागृहांत भरणाऱ्या रोगमुक्तीच्या सभा आहेत, आणि तिथला माल मी पाहिला आहे. नातेवाइकाच्या आग्रहाने अशा एका सभेला गेलो असता व्यासपीठावरच्या सेवकाने प्रार्थना केलेल्या तेलाच्या लहान बाटल्या दाराशी ‘स्वेच्छादान’ घेऊन दिल्या जात होत्या. बाटलीवर प्रभूचे नाव बारीक अक्षरात आणि सेवकाचा फोटो मोठा. तेलाला नारळाचा वास होता आणि झाकण गळत होते, ही तक्रार किरकोळ आहे. मुख्य तक्रार अशी की ‘यांनी हात ठेवला तर होईल’, ‘यांची प्रार्थना वर लगेच पोचते’ हे उद्गार तिथे जितक्या वेळा ऐकू आले तितक्या वेळा मी ते माहीमला कधी ऐकलेले नाहीत. मेलेल्या संताला मध्ये घालू नका म्हणून चारशे-पाचशे वर्षे भांडायचे आणि मग जिवंत माणसाला मध्ये बसवायचे, यापेक्षा मेणाचे घर शंभर पटींनी प्रामाणिक. निदान तो संत वर्गणी मागत नाही.

संत कोण, हे ठरवण्याच्या कॅथलिक पद्धतीबद्दलही थोडे सांगितले पाहिजे, कारण मध्यस्थीचा दावा तिथे पुराव्याला लावला जातो. हुतात्म्यांचा अपवाद सोडला तर एखाद्याला ‘धन्य’ घोषित करण्यासाठी त्याच्या मध्यस्थीने घडलेला एक चमत्कार आणि ‘संत’ घोषित करण्यासाठी त्यानंतरचा आणखी एक तपासून मान्य व्हावा लागतो. वैद्यकीय कागद मागवले जातात, डॉक्टरांची मते घेतली जातात. मदर तेरेसा यांना ४ सप्टेंबर २०१६ रोजी संतपद मिळाले ते याच वाटेने. ही तपासणी काम झाले की नाही याची आहे, असे वरवर दिसते. प्रत्यक्षात ती, ही व्यक्ती देवाजवळ आहे, याची खूण शोधण्यासाठी असते. हा बारकावा मला आदरणीय वाटतो, जरी आमच्या परंपरेला अशा प्रमाणपत्राची गरज वाटत नाही.

मुंबईपासून हाकेच्या अंतरावरच्या संताचे चित्र मात्र दुकानांत सहज मिळत नाही, ही मोठी उणीव आहे. वसईत जन्मलेले गोन्सालो गार्सिया फ्रान्सिस्कन संघाचे धर्मबंधू म्हणून जपानात गेले, ५ फेब्रुवारी १५९७ रोजी नागासाकी येथे क्रूसावर मारले गेले आणि १८६२ मध्ये संत घोषित झाले. भारतात जन्मलेले ते पहिले संत. मी त्यांचे चित्र मागितले तेव्हा दुकानदाराने पादुआचे अंथोनी, यूदा, योसेफ आणि लिझ्यूच्या तेरेसा अशी रांग माझ्यापुढे लावली आणि ‘हे जास्त चालतात’ असे सांगितले. ऑग्सबर्गच्या कलमाप्रमाणे संताची आठवण कित्त्यासाठी ठेवायची असेल तर परक्या देशात गेलेल्या आणि परत न आलेल्या या वसईकराइतका जवळचा कित्ता मला दुसरा दिसत नाही. त्यांचे चित्र मिळाले असते तर नगरकडच्या आमच्या घराच्या भिंतीवरही ते लागले असते, वचनाच्या पाटीच्या थोडे खाली.

बाकांवर ठेवलेल्या त्या निनावी चिठ्ठ्यांबद्दल दोनच वाक्ये. ‘इतक्या प्रती छापून वाटा, नाहीतर अमुक होईल’ असे ज्यावर लिहिले असते ती चिठ्ठी कोणत्याही चर्चची नसते, कोणत्याही संताची नसते आणि फुकट असली तरी महाग पडते. ती तिथेच ठेवावी.

माझ्या प्रोटेस्टंट वाचकांपैकी कोणाला माहीमला जाऊन पाहायचे असेल तर संकोचाचे कारण नाही. मातेला उद्देशून असलेल्या ओळी येतात तेव्हा गप्प बसले तरी कोणी बघत नाही, आणि आजाऱ्यांसाठी मागताना गप्प बसायचे काही कारण नाही. नोव्हेनाला जोडून मिस्सा (कॅथलिकांची मुख्य उपासना) असेल तर प्रभुभोजन कॅथलिकांपुरतेच असते, त्यामुळे त्या रांगेत उभे राहू नये. जागेवर बसून राहणे हेच शिष्टाचाराला धरून आहे. पुस्तिका आत जाण्यापूर्वीच घ्यावी, कारण बाहेर पडताना फाटकाशी थांबायला जागा मिळत नाही. लेडी जमशेटजी मार्गावर बुधवारी गाडी लावण्याचा विचार करू नये. माहीम किंवा माटुंगा रोड स्टेशनवरून चालत यावे.